आईच्या दोन वाट्या

आमच्या आईचा देवावर विश्वास होता, शेजारणींवर त्याहून जास्त होता आणि विज्ञानावर अजिबात नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण मी विज्ञानाची शिक्षिका होते. मुलुंड पूर्वेच्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवायचे. वर्गात पोरं माझ्या आवाजाला टरकून असायची. घरी आले की मात्र आईपुढे माझं सगळं ज्ञान म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्यात सात माणसं: आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. बाबा मूळचे परळच्या गिरणीतले. संपात गिरणी सुटली, तसे ते नाहूरला एका छोट्या कारखान्यात लागले. दोन्ही नातींची नावं लांबलचक होती, पण घरात त्यांना थोरली आणि धाकटी असंच म्हणायचे. थोरली पहिलीत होती आणि प्रत्येक झाकण उघडून बघायची तिला भारी खोड. धाकटी नुकती बोलायला लागलेली. हे ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांतलं सांगतेय. त्या वर्षी मे महिन्यात वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं.

"दोन मुली झाल्या, आता मुलग्याचा नंबर," आई म्हणाली. जसं काही रेशनच्या रांगेत मुलगा तिसरा उभा आहे!

"आई, नंबर-बिंबर काही नसतो," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी नव्याने निम्मी शक्यता मुलाची, निम्मी मुलीची."

"निम्मी-निम्मी ना? मग दोघींतला एक मुलगा व्हायला नको होता?"

"तसं नसतं गं!"

"मग कसं असतं? हिच्या माहेरीच बघ, मुलींची खाण आहे. आडात तेच पोहऱ्यात."

वहिनी तिथेच बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथल्या तिथे वर्ग भरवला. म्हटलं, "नीट ऐक. आईकडून पोटातल्या बाळाला जे मिळतं ते नेहमी एकाच जातीचं. त्याला एक्स म्हणतात. बापाकडे दोन जाती असतात, एक्स आणि वाय. बापाकडून वाय आला तर मुलगा, एक्स आला तर मुलगी. बापाकडे दोन्ही सारखेच, म्हणून निम्मं-निम्मं. वहिनीचा ह्यात काडीचा संबंध नाही. मुली दिल्या त्या तुझ्या लेकाने."

दादा चहा पीत होता. त्याला असा ठसका लागला की चहा नाकातून आला.

"माझ्या लेकाचं नाव घेतेस?" आई कडाडली. "तो बिचारा सकाळी सातला जातो तो रात्री आठला परत येतो. त्याला असले धंदे करायला वेळ तरी आहे का?"

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला होता. पेपर गदागदा हलत होता. वहिनी तांदळाची परात घेऊन आत पळाली आणि आतून तिचं हसू दाबल्याचा आवाज येत राहिला.

पण ते हसू वरवरचं होतं, हे मला दोन दिवसांनी कळलं. आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो. दोघी मुली कडेला बसून ओले पापड चोरून खात होत्या. वहिनी एकदम म्हणाली, "मला मुलगाच हवा असं काही नाही गं. मला फक्त एवढंच वाटतं, की बाळ बघायला येताना माणसांनी हसत यावं."

"म्हणजे?"

"थोरलीच्या वेळी सगळे आले ते 'पहिली बेटी धनाची पेटी' म्हणत आले. बरं वाटलं. धाकटीच्या वेळी सगळे आले ते 'असू दे, असू दे' करत. माझ्या आईपासून तुझ्या आईपर्यंत. जसं काही माझ्या हातून दूध उतू गेलंय. बाळ माझ्या कुशीत, एवढं गोड, आणि जो तो येऊन माझं सांत्वन करतोय. ह्या वेळी पण मुलगी झाली ना, तर मला ते 'असू दे' ऐकवणार नाही."

 आमच्या म्हणीसुद्धा पहिल्या मुलीपाशी संपतात. दुसरीसाठी आणि तिसरीसाठी कोणी म्हणच करून ठेवलेली नाही. मी म्हटलं, "ह्या वेळी कोणी 'असू दे' म्हणालं तर मी त्याला जिन्यावरून ढकलून देईन." वहिनी हसली. पण डोळे पुसून हसली.

आईची तयारी दुसऱ्याच दिशेने चालली होती. कोकणात गावाला जाणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती तिने देवीला नारळ धाडला आणि मुलग्यासाठी गाऱ्हाणं घालायला सांगितलं. त्याच रविवारी कोळंबी सोलता सोलता तिने मला एक प्रश्न विचारला.

"तू शिकलेली ना? मग मला एक सांग," ती म्हणाली. "मुलगी होऊ दे म्हणून नवस बोललेली बाई मी आजवर बघितली नाही. माझी आजी मुलगा मागायची, तिची आजी पण मुलगाच मागत असणार. सगळी दुनिया जन्मभर मुलगे मागतेय. मग एव्हाना मुलगेच मुलगे व्हायला हवे होते की नाही? तरी खय पण जा, मुली आपल्या तेवढ्याच. ह्या एवढ्या मुली येतात कुठून?"

च्यायला, प्रश्न झकास होता! मी पोरांना एक्स आणि वाय शिकवायचे, पण त्यातून निम्मं-निम्मं कसं होतं तेवढंच कळायचं. निसर्गाने निम्मंच का धरून ठेवलंय, हे कोणी मला विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी मी घाटकोपरला कॉलेजातल्या माझ्या जुन्या बाईंच्या घरी गेले. बाई प्रश्न ऐकून खूश झाल्या. म्हणाल्या, "तुझ्या आईला माझ्या वर्गात आणून बसव." मग त्यांनी समजावलं. चहा संपेपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. मी घरी आले ती चप्पल काढायच्या आधी आईला हाक मारत.

आईला स्थळं जुळवायचा नाद होता. मुलुंड, भांडुप, ठाणा, कोणाचा मुलगा कितवीपर्यंत शिकला आणि कोणाची मुलगी नाकी-डोळी कशी, सगळं तिला तोंडपाठ. म्हणून मी तिच्याच भाषेत सुरुवात केली.

"समज, एका गावात मुलगे ढीगभर आणि मुली मूठभर. लग्नाचं काय होईल?"

"काय व्हायचंय? मुलीच्या बापाच्या दारात रांग लागेल. मुलगेवाले हात जोडून उभे."

"सगळ्या मुलग्यांची लग्नं होतील?"

"कशी होतील? अर्धेअधिक तसेच म्हातारे होतील."

"म्हणजे नातवंडं जास्त कोणाला?"

आईने कोळंबीचं डोकं मोडता मोडता विचार केला. "मुलीवाल्यांनाच. प्रत्येक मुलीचं लग्न होणार, प्रत्येकीला पोरं होणार. मुलगेवाल्यांची निम्मी घरं ओस."

"बरोब्बर! आता काही घराण्यांत मुली जरा जास्त व्हायचा कल असेल, तर तो कल त्या नातवंडांतही उतरणार. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की गावात मुली वाढत जाणार. वाढता वाढता मुलग्यांइतक्या झाल्या, की मुलीवाल्यांचा तो फायदा संपला. आणि मुली फार झाल्या तर सगळा खेळ उलटा, मग मुलगेवाल्यांची चांदी. म्हणून गाडी फिरून फिरून निम्म्यावरच येऊन थांबते. कारण पुढच्या पिढीत जे पोर जन्माला येईल, त्याला आई एक लागणार आणि बाप एकच लागणार. ह्यात कोणाचा नवस चालत नाही, आई. जे कमी, त्याला मोल. एवढंच आहे."

आई हात थांबवून बसली. मला वाटलं, पडला गं बाई उजेड! तेवढ्यात तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "खालच्या मजल्यावर मुलगी झाली. पलीकडच्या विंगेत मुलगी. किराणावाल्याच्या सुनेला मुलगी. म्हणजे ह्या वर्षी आपल्याकडे मुली जास्त झाल्या." आणि तिचा चेहरा असा फुलला! "म्हणजे आता निसर्गाला मुलगाच धाडायला लागणार!"

"कप्पाळ माझं! अगं, हे हजारो पिढ्यांचं काम आहे. आपल्या बिल्डिंगमध्ये किती मुली झाल्या हे वहिनीच्या पोटातल्या बाळाला काय माहीत?"

"का? आपली बिल्डिंग काय जगाबाहेर आहे?"

"निसर्ग काय पाटी-पेन्सिल घेऊन बसलाय का तुझ्या जिन्यात? मागे काय झालं ते त्याला आठवत नाही. तो प्रत्येक वेळी नव्याने नाणं उडवतो." मग प्रामाणिकपणाची हौस म्हणून मी वर आणखी बोलून बसले, "खरं तर मुलगे चिमूटभर जास्तच जन्माला येतात. पण लहानपणी दगावतातही जरा जास्त, त्यामुळे..."

पुढचं ती ऐकते कशाला! "बघ! चिमूटभर का होईना, देव आमच्याच बाजूचा." आणि कोळंबी धुवायला उठली.

ही हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. पण एका दुपारी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू येऊन बसल्या आणि हसणं थांबलं. काकू आईच्या मैत्रीण. वाईट नव्हत्या, पण जगातली प्रत्येक बातमी आमच्या घरात आणून ओतायच्या. स्टेशनजवळ एका दवाखान्यात पोटातलं पाणी तपासून मुलगा की मुलगी सांगतात, असं त्या म्हणाल्या. तेव्हा अशा तपासणीच्या पाट्या उघड उघड लागायच्या. मुलगी निघाली तर पुढे काय करतात, ते काकूंनी सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काकू गेल्यावर आईने हळूच मला विचारलं, "ती तपासणी खरी असते काय गो?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात आमटीचा डाव तसाच. ह्या घरात आल्यापासून तिने सासूला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली, "आई, मी कुठल्याही तपासणीला जाणार नाही. जे आहे ते माझं आहे. आत्ताच सांगून ठेवते."

डावातली आमटी फरशीवर ठिबकत होती. आई आधी गोरीमोरी झाली, मग उसळली. "कोण तुला पाठवतंय? मी आपलं विचारलं! विचारायची पण चोरी झाली ह्या घरात!" आणि स्वतःच फडकं घेऊन फरशी पुसायला बसली. बाबा आयुष्यात 'हां' ह्याच्या पलीकडे फारसे बोलायचे नाहीत. ते खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाले, "सूनबाई बरोबर बोलली." पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

पण आई गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. नवरात्रात वहिनीला सातवा लागला, तेव्हा तिने जाहीर केलं, "डोहाळजेवण करायचं." तिसऱ्या खेपेला कोण करतं डोहाळजेवण? पहिलटकरणीचं कौतुक असतं ते. वहिनी लाजली, दादा म्हणाला लोक हसतील, पण आईपुढे कोणाचं चालणार! तिने हिरवी साडी आणली, फुलांची वाडी करवून घेतली, अख्ख्या बिल्डिंगीतल्या बायका बोलावल्या. मला आनंद झाला. वाटलं, आईने मनातलं सगळं सोडलं, आता नुसतं कौतुक करतेय. किती भोळी मी!

डोहाळजेवणात आमच्याकडे दोन वाट्यांचा खेळ असतो. दोन वाट्या पालथ्या घालतात. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. डोहाळकरणीने एक वाटी उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वहिनीने थोरलीच्या वेळी बर्फी उचलली होती आणि धाकटीच्या वेळी घरच्या घरी नुसत्या वाट्या मांडल्या, तेव्हाही बर्फीच. तेव्हापासून आईची खात्री होती की वाटी खोटं बोलत नाही.

ओटी भरून झाली, गाणी झाली. वहिनी झोपाळ्यावर बसलेली, वेणीत जाईचे गजरे, चेहरा तेजाळलेला. आईने ताट पुढे केलं. "उचल. खयची पण उचल," ती म्हणाली. फारच उदार आवाजात म्हणाली. तिथेच मला शंका यायला हवी होती.

वहिनीचा हात उजवीकडे गेला, थांबला, डावीकडे गेला. सगळ्या बायका श्वास रोखून. तिने डावी वाटी उचलली. पेढा! काय गलका झाला म्हणून सांगू! काकूंनी तर उठून फुगडी धरली. आई हात जोडून छताकडे बघत होती. त्या गोंधळात आमची थोरली गर्दीतून ताटाशी आली आणि तिने दुसरी वाटी उचलली.

"आजी," ती मोठ्याने म्हणाली, "ह्याच्यात पण पेढाच आहे. बर्फी कोणी खाल्ली?"

गलका विजेचं बटण बंद करावं तसा थांबला. सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. आईने धाकटीला उगाच उचलून घेतलं आणि तिचं नाक पुसायला लागली. ते आधीच कोरडं होतं. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि हसण्याचा असा बांध फुटला की विचारू नका. काकू पोट धरून जमिनीवर बसल्या. हात दाखवून अवलक्षण ते हेच!  ताप उतरवायला थर्मामीटर थंड पाण्यात बुडवावा, तसलं हे आईचं विज्ञान.

वहिनीही हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग नुसतं पाणीच येत राहिलं.

"आई," ती म्हणाली, "बर्फी काढून टाकली म्हणून ती आतून जाणार आहे का? मुलगी असेल तर आता आतच आहे. सगळं ऐकतेय. तिच्यासाठी एक तरी वाटी ठेवायची होती."

 मग काकूंनीच सावरून घेतलं, जेवणाची पानं मांडा म्हणाल्या. जेवणं छान झाली. पण आई जेवली नाही, वाढतच राहिली.

संध्याकाळी आम्ही दोघी मोरीत भांडी घासत बसलो होतो. त्या दोन वाट्यांतली एक माझ्याकडून हिसकावून तिने स्वतः घासली. घासतच राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "माझ्या वेळेक वाटीच नव्हती गो."

मला कळलं नाही. तेव्हा तिने सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गावी ती पाचवी मुलगी. जन्मली तेव्हा शेजारपाजारी कोणी चिमूटभर गूळसुद्धा वाटला नाही. तिच्या आजीने तिचं तोंड बघायचं म्हणून बघितलं नाही. पुढे तिच्या पाठीवर मामा झाला. त्या दिवशी आजीने तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. पाठीवर भाऊ घेऊन आली, गुणाची गं माझी, असं म्हणाली.

"म्हणून मला धाकटीच्या पाठीवर भाऊ हवा होता," आई म्हणाली. "माझ्यासाठी काय करायचाय मला मुलगा? मी काय आता जन्मभर पुरणार आहे? पण त्या पोरीला कोणी 'दुसरी पण मुलगीच' म्हणून बघू नये. भाऊ आला की सगळ्यांचं तोंड बंद."

 एक्स आणि वाय माझ्या तोंडाशीसुद्धा आले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच मला आईला काही शिकवावंसं वाटलं नाही. मी तिच्या ओल्या हातातली वाटी काढून घेतली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. "उठ, साबण लागेल केसांना," ती म्हणाली, पण स्वतः हलली नाही. दुसऱ्या दिवशी मी हे सगळं वहिनीला सांगितलं. 

डिसेंबर संपत आला होता. मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत दादा फाटकाशी आला आणि नुसतं म्हणाला, "मुलगी. दोघी छान आहेत." त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण कसलीतरी काळजीही होती. पूल ओलांडून पश्चिमेच्या प्रसूतिगृहात जाईपर्यंत त्याने ती सांगून टाकली. बातमी कळली तेव्हा आई बाहेरच्या बाकावर बसलेली होती. नर्स 'मुलगी' म्हणाली, तशी आई उठली, पिशवी घेतली आणि बाळाकडे न बघताच तडक निघून गेली. कुठे गेली कोणालाच माहीत नव्हतं.

"वहिनीला कळलं?"

"तिने तेच पहिल्यांदा विचारलं. आई कुठे आहेत म्हणून."

खोलीत बाबा खुर्चीवर बसून थोरली-धाकटीला बाळाची बोटं दाखवत होते. बाळाला डोकंभर जावळ होतं आणि ती अशी मुठी आवळून झोपली होती, जसं काही कोणाशी भांडून आलीय. बाबा मला बघून म्हणाले, "झकास आहे." बाबांच्या मानाने हे म्हणजे भाषण झालं. पण वहिनीचं लक्ष दाराकडे होतं. पाऊल वाजलं की ती बघायची, आणि मग नजर पुन्हा खाली. मला आईचा असा राग आला होता, की ती दिसली असती तर मी तिथेच भांडण काढलं असतं.

दार उघडलं. काकू होत्या. हातात नारळ, चेहऱ्यावर जमवलेली हळहळ. त्यांनी वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुस्कारा टाकून म्हणाल्या, "असू दे हो. असू दे. देवाची मर्जी."

वहिनीने डोळे मिटून घेतले. मी जागची उठले. जिना जवळच होता.

"असू दे काय?" दारातून आवाज आला. "काय असू दे?"

आई धापा टाकत उभी होती. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, हातात कापडाची पिशवी.

"माझी नात झालीय, बस नाही चुकलेली माझी," ती काकूंना म्हणाली. "बघायला आलीस ना? मग हसून बघ. नसेल जमत तर बाहेर बाक आहे."

काकू खरोखरच हसल्या. आईने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं ताट काढलं. ताटात दोन वाट्या होत्या, पालथ्या घातलेल्या. घरातल्याच, त्याच. म्हणजे ही बाई त्या उन्हात पूल ओलांडून घरी गेली, वाट्या घेतल्या, मिठाईवाल्याकडे गेली आणि पुन्हा पूल ओलांडून आली होती. ताट तिने वहिनीच्या मांडीवर ठेवलं.

"उचल," ती म्हणाली. "खयची पण उचल."

वहिनीने उजवी वाटी उचलली. बर्फी. आमच्या थोरलीला कुठला धीर! तिने झटकन डावी उचलली. तिच्याखालीही बर्फीच.

"आई, ही पण लबाडीच झाली," मी म्हटलं. 

"मग? तुझ्या निसर्गाला वाटलं ते त्याने केलं. आता माझ्या वाटीत मी काय ठेवायचं ते मी ठरवणार."

वहिनीने एक बर्फी उचलली. मला वाटलं, पोरींना देईल. दादाने तर हातसुद्धा पुढे केला होता. पण तिने बर्फीचा तुकडा मोडला आणि पलंगावर बसल्या जागेवरून आईच्या तोंडासमोर धरला.

"ही हिची नाही, आई," ती म्हणाली. "ही तुमची. तुम्ही जन्मलात तेव्हाची. वाटायची राहून गेली होती."

आई बघतच राहिली.  तिची हनुवटी लहान मुलीसारखी थरथरायला लागली. मग तिने तोंड उघडलं आणि सुनेच्या हातून बर्फी खाल्ली.